चेंबरलेनची कोणती साक्ष धरायची?

महात्मा फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या भल्या लोकांना अर्पण केलं. कृष्णवर्णीयांच्या दास्याविरुद्ध ते निःस्वार्थपणे, स्वतः झीज सोसून झटले, माझ्या देशबांधवांनी शूद्र बांधवांच्या मुक्तीसाठी त्यांचा कित्ता गिरवावा, असं त्या अर्पणपत्रिकेत म्हटलं आहे. त्यावरून मराठीत जो वाद घातला जातो, तो वाचून मला दर वेळी खंत वाटते. एक बाजू म्हणते की फुले भाबडे ठरले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लुइझियानातल्या कोलफॅक्स गावी डझनावारी कृष्णवर्णीयांची कत्तल झाली होती, मग कुठले आले भले लोक? दुसरी बाजू अर्पणपत्रिका मखरात बसवते आणि 1865 साली गुलामी संपली तिथंच अमेरिकेची गोष्ट मिटवते. शेवटी दोन्ही बाजू ठरलेल्या वाक्यावर येतात: सुधारणा आतून यावी लागते, बाहेरच्यांनी बंदुकीच्या धाकानं लादलेली समता टिकत नाही, अमेरिकेच्या दक्षिणेत हेच सिद्ध झालं.

मला हे वाक्य चुकीचं आणि घातक वाटतं. गुलामीवरून उत्तर आणि दक्षिण राज्यांत झालेल्या यादवी युद्धानंतर दक्षिणेत 10-12 वर्षं चाललेला समतेचा प्रयोग बाहेरच्यांनी लादला म्हणून कोसळला नाही. तो हत्यारबंद टोळ्यांनी मोडला, आणि ज्या सरकारनं त्याच्या संरक्षणाची हमी दिली होती त्यानं ऐन वेळी हात झटकले. हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम असा माणूस निवडतो आहे जो माझ्या बाजूला सहज बसत नाही. डॅनियल हेन्री चेंबरलेन हा स्वयंसेवक पलटणीतला अधिकारी पुढे साउथ कॅरोलायना राज्याचा अॅटर्नी जनरल आणि नंतर गव्हर्नर झाला. त्याचे हात पूर्ण स्वच्छ नव्हते. म्हातारपणी तर त्यानं आपल्याच कामाविरुद्ध जाहीर साक्ष दिली. तो माझ्या विरोधकांचा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे, म्हणून त्याचीच उलटतपासणी करायला हवी.

चेंबरलेन 1835 साली मॅसॅच्युसेट्समधल्या वेस्ट ब्रुकफील्ड या खेड्यात जन्मला. येलमधून 1862 साली पदवी घेऊन तो हार्वर्डला कायदा शिकत होता. अंगावर शिक्षणाचं कर्ज होतं, आणि ते कारण पुढे करून घरी बसणारे त्या काळात पुष्कळ होते. पण या जीवनमरणाच्या लढ्यात आपण हात लावला नाही हे पुढे कुणाला कळलं तर आपल्याला शरम वाटेल, अशा आशयाचं पत्र लिहून त्यानं शिक्षण अर्धवट सोडलं आणि मॅसॅच्युसेट्सच्या पाचव्या घोडदळात लेफ्टनंट म्हणून भरती झाला. या पलटणीतले शिपाई कृष्णवर्णीय होते आणि अधिकारी गोरे. दक्षिणेची राजधानी रिचमंड 3 एप्रिल 1865 रोजी पडली, तेव्हा शहरात शिरणाऱ्या पहिल्या तुकड्यांत ही पलटण होती.

1866 साली तो साउथ कॅरोलायनात आला, तो एका मृत वर्गमित्राच्या व्यवहारांची निरवानिरव करायला. तिथंच कापसाची शेती करून पाहिली आणि तीत तो बुडाला. युद्धानंतर दक्षिणेत आलेल्या अशा उत्तरेकडच्यांना तिथले गोरे कार्पेटबॅगर म्हणत, आणि मतांच्या जोरावर खुर्च्या लाटायला आलेले लुटारू असं त्यांचं चित्र पुढच्या तीन पिढ्यांच्या पाठ्यपुस्तकांत छापलं गेलं. पण तारखा पाहा. कृष्णवर्णीयांना मताधिकार देण्याची वाट काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या, ज्या कायद्यांनी मोकळी केली, ते मार्च 1867 मध्ये झाले. 1866 साली दक्षिणेत आलेल्या माणसाला तिथं निवडणूक जिंकायला मतदारच नव्हते. मग तो मतं लुटायला आला होता, हे कसं म्हणायचं?

‘आतून’ सुधारणा होऊ द्यायला हवी होती, असं म्हणणाऱ्यांनी या आधीची दोन वर्षं नीट पाहावीत. तेव्हा राज्य स्थानिक गोऱ्यांच्याच हाती होतं आणि कुणी काही लादत नव्हतं. त्यांनी डिसेंबर 1865 मध्ये काय केलं? कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे केले. करारानं काम करणारा ‘नोकर’ आणि काम देणारा ‘मालक’, हे शब्द कायद्यातच घातले. शेतमजुरी किंवा घरकाम सोडून दुसरा कुठला धंदा करायचा तर न्यायाधीशाकडून परवाना घ्यायचा आणि त्यासाठी वर्षाला 10 ते 100 डॉलर भरायचे. सुताराला, चांभाराला, दुकानदाराला गुलामी संपल्यावर मिळालेली ही पहिली भेट होती. आतून येणाऱ्या सुधारणेला संधी दिली गेली होती, आणि तिनं गुलामी मागच्या दारानं परत आणली.

आता ‘बाहेरचा’ या शब्दाचाच हिशेब करू. साउथ कॅरोलायनात दहातले जवळजवळ सहा लोक कृष्णवर्णीय होते. त्यांचे बापजादे त्याच मातीत राबले, त्याच मातीत गाडले गेले. 1868 च्या जानेवारीत चार्ल्सटनला राज्यघटना लिहायला जे प्रतिनिधी बसले त्यांत बहुसंख्य हेच लोक होते. चेंबरलेनही त्यांत होता, पण सार्वजनिक शाळांचा आग्रह धरणाऱ्यांत रॉबर्ट स्मॉल्स होता, बोफर्टचा. 1862 साली गुलाम असताना त्यानं चार्ल्सटन बंदरातून ‘प्लँटर’ ही दक्षिणेच्या सैन्याची बोट आपल्या बायकामुलांसह पळवून उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली होती. त्याला बाहेरचा कोण म्हणेल? युद्धापूर्वी या राज्यात गव्हर्नर लोक निवडतच नसत, जमीनदारांनी भरलेलं विधिमंडळ निवडत असे. नव्या घटनेनं मालमत्तेची अट काढली, कर्जापायी तुरुंगात टाकणं बंद केलं आणि सर्वांसाठी सरकारी शाळांची तरतूद केली. यातलं किती गरीब गोऱ्यांच्याही उपयोगाचं होतं! ‘लादलं’ म्हणताना कुणावर लादलं ते सांगावं लागतं. बहुसंख्य लोकांनी मागितलेली गोष्ट अल्पसंख्य मालकवर्गाला नको होती, एवढाच त्याचा अर्थ होतो.

फुल्यांचं पुस्तक ज्या वर्षी निघालं त्याच 1873 च्या ऑक्टोबरात राजधानी कोलंबियाच्या राज्य विद्यापीठात हेन्री हेन या राज्याच्या कृष्णवर्णीय सचिवानं वैद्यकीय शाखेत नाव घातलं. गोऱ्या प्राध्यापकांनी राजीनामे दिले, विद्यार्थी निघून गेले. विद्यापीठ बंद पडलं नाही. रिकाम्या जागांवर नवे शिक्षक आले. त्यांत हार्वर्डचा पहिला कृष्णवर्णीय पदवीधर रिचर्ड ग्रीनर होता, तो तत्त्वज्ञान शिकवू लागला. चार वर्षं तिथं गोरी आणि काळी मुलं एका वर्गात बसली. अर्पणपत्रिकेला भाबडी म्हणणाऱ्यांनी कोलफॅक्स जरूर सांगावं, पण त्याच वर्षातला हा वर्गही सांगावा. दोन्ही खरे आहेत, आणि फुल्यांनी कित्ता गिरवायला सांगितला तो या दुसऱ्याचा.

भ्रष्टाचाराचा मुद्दा मी टाळणार नाही. रिपब्लिकन, म्हणजे गुलामी संपवणाऱ्या पक्षाच्या, राजवटीत या राज्यात पैसे खाल्ले गेले, उघड आणि भरपूर. भूमिहीनांना हप्त्यानं जमीन देण्यासाठी 1869 साली काढलेल्या भूमी आयोगात दलदलीचे तुकडे चढ्या भावानं सरकारच्या गळ्यात मारले गेले, आणि अॅटर्नी जनरल म्हणून चेंबरलेन त्याच्या सल्लागार मंडळावर होता. सभापती फ्रँकलिन मोझेस घोड्यांच्या शर्यतीत पैज हरला, तर सभागृहानं त्याला 1000 डॉलर मंजूर करून दिले. खुद्द चेंबरलेननं जानेवारी 1870 मध्ये न्यूयॉर्कमधल्या किंप्टन या आपल्या जुन्या वर्गमित्राला लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. राज्याच्या मालकीचे रेल्वेचे शेअर आपल्या मंडळींनी मिळून घेण्याचा बेत त्यात आहे आणि यात पैशाची खाण आहे अशी बढाईही आहे. किंप्टन हा राज्याचाच आर्थिक दलाल होता. या पत्राचं समर्थन होऊ शकत नाही, आणि मी ते करणार नाही.

पण या पुराव्यावरून जो निष्कर्ष काढतात, तो त्यातून निघत नाही. सर्वांत बदनाम गव्हर्नर ठरला तो मोझेसच, आणि तो अस्सल स्थानिक होता. युद्धाची सुरुवात झाली तो फोर्ट समटर किल्ला पडल्यावर तिथं दक्षिणेचा झेंडा चढवणाऱ्यांत तो होता. त्याच वर्षांत न्यूयॉर्क शहराची तिजोरी ट्वीड या पुढाऱ्याच्या टोळीनं धुतली, वॉशिंग्टनमध्ये क्रेडिट मोबिलियरचं रेल्वे-लाचखोरीचं प्रकरण 1872 साली बाहेर आलं. दोन्हीकडे मतदार आणि पुढारी गोरे होते. तिथल्या गोऱ्यांना मताधिकार देणं चूक होतं, असं त्यावरून कुणी म्हटलं का? न्यूयॉर्कमध्ये चोर पकडले गेले आणि मताधिकार शाबूत राहिला. साउथ कॅरोलायनात मात्र चोरीचं निमित्त करून मतदारच हाकलले. शिवाय त्याच डागाळलेल्या भूमी आयोगाकडून पुढच्या 20 वर्षांत हजारो कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमिनी घेतल्या. प्रॉमिस्ड लँड नावाची त्यांची वस्ती त्यातूनच उभी राहिली.

आणि या भ्रष्टाचाराविरुद्ध ओरड नेमकी कुणाची होती? 1871 आणि पुन्हा 1874 साली जमीनदारांनी ‘करदात्यांची परिषद’ भरवली. मत देणारे कर भरत नाहीत आणि कर भरणाऱ्यांचं सरकारात काही चालत नाही, ही त्यांची तक्रार. हा युक्तिवाद फुल्यांच्या वाचकाला ओळखीचा वाटायला हवा. 1882 साली हंटर आयोगापुढे त्यांनी हेच कोडं उलट बाजूनं सोडवलं होतं. सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि खर्च होतो वरच्या वर्गाच्या शिक्षणावर, असं त्यांचं म्हणणं होतं. साउथ कॅरोलायनातल्या जमीनदाराच्या खात्यातून कर जाई, पण त्या खात्यात पैसा ज्यांच्या हातांनी आला त्यांना 200 वर्षं मजुरी मिळाली नव्हती. कर वाढले हे खरं आहे. पूर्वी कृष्णवर्णीयांसाठी एकही सरकारी शाळा नव्हती, आता त्या काढायच्या होत्या.

चेंबरलेन 1874 च्या अखेरीस गव्हर्नर झाला आणि मला वाटतं त्याच्या आयुष्याचा सर्वांत बोधप्रद भाग इथं सुरू होतो. त्यानं खर्च कापला, उधळपट्टीच्या विधेयकांवर नकाराधिकार वापरला. चार्ल्सटनचं गोऱ्यांचं प्रमुख वृत्तपत्र त्याची तारीफ करू लागलं. डिसेंबर 1875 मध्ये विधिमंडळानं मोझेस आणि विल्यम व्हिपर या दोघांना न्यायाधीश म्हणून निवडलं, तेव्हा चेंबरलेननं त्यांच्या नेमणुकांवर सही करायला नकार दिला. मोझेसबाबत हे योग्यच होतं. व्हिपर हा कृष्णवर्णीय वकील, जुगारी म्हणून बदनाम. त्याच सुमारास चार्ल्सटनमधल्या न्यू इंग्लंड मंडळाला केलेल्या तारेत चेंबरलेननं लिहिलं की प्युरिटन आणि कॅव्हॅलियर यांची संस्कृती धोक्यात आहे. एक उत्तरेतल्या गोऱ्यांची परंपरा, दुसरी दक्षिणेतल्या! ज्यांच्या मतांवर तो निवडून आला त्यांचा त्या वाक्यात मागमूस नाही. हा माणूस इथं मनानं आपल्या मतदारांपासून सुटलेला दिसतो. ज्यांना तो जिंकू पाहत होता त्या गोऱ्या सभ्य गृहस्थांनी त्याला पाठिंबा दिला तो फक्त सात महिने.

जुलै 1876. सव्हाना नदीच्या काठी, जॉर्जियातल्या ऑगस्टा शहरासमोर हॅम्बर्ग नावाचं कृष्णवर्णीयांचं गाव होतं. 4 तारखेला, अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शंभराव्या वाढदिवशी, तिथली कृष्णवर्णीय मिलिशियाची, म्हणजे राज्याच्या नागरी सेनेची, तुकडी रस्त्यावर कवायत करत असताना दोन गोऱ्या तरुणांची बग्गी आडवी आली. शब्दानं शब्द वाढला, वाट मिळायला थोडा उशीर झाला, आणि रस्ता अडवल्याची फिर्याद गावच्या न्यायाधीशापुढे गेली. हा न्यायाधीश प्रिन्स रिव्हर्स. एके काळी गुलाम आणि मालकाचा कोचमन, मग साउथ कॅरोलायनाच्या पहिल्या स्वयंसेवक पलटणीत ध्वज वाहणारा सार्जंट, त्यानंतर आमदार. 8 तारखेला सुनावणीच्या दिवशी माजी जनरल मॅथ्यू बटलर शेकडो हत्यारबंद गोऱ्यांसह आला आणि मिलिशियानं बंदुका आपल्या हवाली कराव्यात अशी मागणी केली. त्याला तसा कुठलाही कायदेशीर अधिकार नव्हता. नदीपलीकडून तोफ आणली गेली. गोळीबारात एक गोरा तरुण मेला. रात्री कैद केलेल्या मिलिशियावाल्यांतून काहींना नावानं बोलावून एकेक करून गोळ्या घातल्या. कुणालाही शिक्षा झाली नाही. बटलर पुढच्याच वर्षी अमेरिकेचा सिनेटर झाला. त्या जमावातला बेन टिलमन पुढे गव्हर्नर आणि सिनेटर झाला, हॅम्बर्गमधल्या आपल्या कामगिरीची जाहीर बढाई मारत राहिला, आणि त्याचा पुतळा राज्याच्या विधानभवनासमोर उभा केला गेला. प्रिन्स रिव्हर्स पुन्हा कोचमन झाला.

चेंबरलेननं या कत्तलीचा स्पष्ट निषेध केला आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँटकडे मदत मागितली. त्याक्षणी त्याची तारीफ करणारे गोरे त्याच्यावर उलटले. भ्रष्टाचार हाच खरा आक्षेप असता, तर काटकसरी आणि सुधारक गव्हर्नर त्यांना चालायला हवा होता. तो त्यांना चालला नाही, कारण खुनाला तो खून म्हणाला.

त्यानंतरची निवडणूक कशी लढवायची याचा आराखडा मार्टिन गॅरी या माजी जनरलनं लेखी करून ठेवला आहे. प्रत्येक डेमोक्रॅटनं, म्हणजे दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या पक्षाच्या माणसानं, किमान एका कृष्णवर्णीयाचं मत धाकानं, पैशानं किंवा त्याला घरी अडकवून ताब्यात घ्यावं. एखाद्याला धमकी द्यायची वेळ आलीच तर नुसती धमकी देऊ नये, त्याला मारूनच टाकावं. लाल सदरे घातलेले घोडेस्वार रिपब्लिकन सभांत घुसून वक्त्यांना खाली खेचत. एजफील्डला तर गव्हर्नरच्या सभेचं व्यासपीठच त्यांनी ताब्यात घेतलं. सप्टेंबरात एलेंटनला अनेक दिवस माणसं टिपून मारली गेली. मतमोजणीत एजफील्ड आणि लॉरेन्स या तालुक्यांत एकूण मतदारांपेक्षा जास्त मतं निघाली. ती धरून डेमोक्रॅट वेड हॅम्प्टनला 92,261 आणि चेंबरलेनला 91,127 मतं पडली. ती वगळली तर चेंबरलेन निवडून आला होता.

मग जे झालं ते कुठल्याही लोकशाहीच्या अभ्यासकानं बारकाईनं पाहावं. नोव्हेंबरच्या अखेरीस एकाच सभागृहात दोन विधानसभा बसल्या. मंचावर शेजारी शेजारी दोन सभापती, मॅकी आणि वॉलेस. एकाच वेळी दोन ठराव, दोन मतदानं. जागा सोडली तर गेली म्हणून दोन्हीकडचे आमदार चार दिवस तिथंच जेवले, तिथंच ब्लँकेटं पांघरून झोपले. डिसेंबरात दोन गव्हर्नरांनी शपथ घेतली. हॅम्प्टननं जमीनदारांना सांगितलं की गेल्या वर्षीच्या कराच्या दहा टक्के रक्कम माझ्याकडे भरा, आणि त्यांनी भरली. चेंबरलेनची तिजोरी कोरडी पडली. त्याच्याकडे उरलं होतं ते विधानभवनातलं मूठभर केंद्रीय सैन्य. मार्च 1877 मध्ये रिपब्लिकन पक्षाचा हेझ राष्ट्राध्यक्ष झाला, तोही साउथ कॅरोलायनाच्या इलेक्टोरल मतांच्या आधारानं. त्यानं 10 एप्रिलला सैन्य काढून घेतलं. त्या दिवशी चेंबरलेननं आपल्या मतदारांना उद्देशून जे निवेदन काढलं, त्याचा आशय असा: ज्या राष्ट्राध्यक्षाला केवळ तुमच्या मतांनी पराभवातून वाचवलं, त्याच्या हुकुमानं अमेरिकेचं सरकार आज तुम्हाला टाकून देत आहे, आणि इथलं कायदेशीर सरकार लवकरच उलथलं जाईल हे पक्कं माहीत असूनही देत आहे.

ही त्याची पहिली साक्ष. घटनास्थळी, घटनेच्या दिवशी दिलेली.

लादलेलं सरकार बंदुकीशिवाय टिकत नव्हतं, हाच याचा पुरावा नाही का, असं इथं विचारलं जातं. सरकार बंदुकीशिवाय टिकलं नाही हे खरं. पण समोर काय होतं? मेन राज्यातला जोशुआ चेंबरलेन आपल्या डॅनियलचा नातलग नव्हता, पण तोही स्वयंसेवक पलटणीचा अधिकारी आणि गव्हर्नर; गेटिसबर्गच्या लढाईमुळे तो आज जास्त प्रसिद्ध आहे. जानेवारी 1880 मध्ये त्याच्या राज्यातही निवडणुकीचा निकाल वादात पडला, दोन पक्षांनी विधानभवनावर हक्क सांगितला, हत्यारबंद माणसं राजधानीत जमली. मिलिशियाचा प्रमुख म्हणून 12 दिवस त्यानं एकही गोळी न झाडता शांतता राखली, मग राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला आणि तो मानला गेला. एक चेंबरलेन कर्तबगार आणि दुसरा नालायक, म्हणून असं घडलं का? मेनमध्ये हरणाऱ्या पक्षालाही समोरच्याचा मताचा हक्क मान्य होता. साउथ कॅरोलायनात हरणारा पक्ष निम्म्याहून जास्त नागरिकांना माणूसच मानायला तयार नव्हता. तिथं पोलीस आणि सैन्य मागे घेणं म्हणजे वाद निष्पक्षपणे सोडवणं कसं ठरतं? महाडच्या नगरपालिकेनं 1924 साली चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर राहिला. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी तिथं पाणी प्यायले, तेव्हा परतणाऱ्या लोकांवर लाठ्या पडल्या. ठराव गावातला होता, आतलाच होता. त्याच्या पाठीशी उभं राहणारं बळ नव्हतं.

आता चेंबरलेनची दुसरी साक्ष. राज्य सोडून तो न्यूयॉर्कला वकिली करू लागला, रिपब्लिकन पक्षापासून दुरावला. अशिक्षित कृष्णवर्णीय संख्येनं कितीही असले तरी गोऱ्यांपुढे टिकणं शक्य नव्हतं, असं त्यानं 1877 च्या जूनमध्येच गुलामीविरोधी चळवळीचा पुढारी गॅरिसन याला लिहिलं होतं. 1901 साली एका मोठ्या मासिकात लेख लिहून त्यानं सगळा प्रयोगच मुळात चुकीचा होता, त्यातून कधीही चांगलं सरकार निघालं नसतं, असं जाहीर केलं. त्यातला एक मुद्दा खरोखर धारदार आहे. कृष्णवर्णीयांची मतं डेमोक्रॅटांना पडतील असं वाटलं असतं, तर रिपब्लिकनांनी त्यांना मताधिकार दिला असता का? हेतू पक्षाचा फायदा हाच होता.

हेतू संमिश्र होता हे मी मान्य करतो. बहुतेक वेळा तो तसाच असतो. पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव शिकले, तेव्हा मिशनऱ्यांच्या मनात धर्मप्रसार होता. त्या शाळेतून मिळालेल्या अक्षरांचं त्यांनी काय केलं, हे महाराष्ट्राला माहीत आहे. देणाऱ्याच्या मनात काय होतं यावरून घेणाऱ्यानं केलेल्या कामाची किंमत ठरत नाही. आणि चेंबरलेनच्या लेखात मला सर्वांत जास्त खटकतं ते हेच, की त्यात घेणारे दिसतच नाहीत. कृष्णवर्णीय तिथं एक ओझं म्हणून येतात, ज्याच्यामुळे प्रयोग बुडाला. स्मॉल्स नाही, ग्रीनर नाही, हॅम्बर्गच्या अंगणात मारलेली माणसं नाहीत. 24 वर्षांनंतर, सगळा देश उत्तर-दक्षिण समेटाच्या नादात असताना, सुरक्षित अंतरावरून लिहिलेली ही साक्ष 10 एप्रिल 1877 च्या साक्षीपुढे उभी राहत नाही. त्या दिवशी त्यानं कारण सांगितलं होतं: सरकारनं तुम्हाला टाकलं. नंतर त्यानं दोष टाकणाऱ्यांवरून उचलून टाकलेल्यांवर ठेवला. मधल्या काळात नवा पुरावा काय आला होता? काहीच नाही. फक्त हवा बदलली होती. ज्यांना हे सोपं वाटतं की ‘तो स्वतःच म्हणाला ना’, त्यांनी मार्शल ट्विचेलकडे पाहावं. व्हर्माँटचा हा स्वयंसेवक अधिकारी लुइझियानात राज्य सिनेटर झाला. 1874 साली कुशाटाला त्याचा भाऊ आणि दोन मेव्हणे मारले गेले, 1876 साली नदी ओलांडताना झालेल्या गोळीबारात त्याचे दोन्ही हात गेले. अशा माणसांची साक्ष वगळून एका चेंबरलेनचा पश्चात्ताप इतिहास म्हणून का वाचायचा?

शिवाय चेंबरलेनच्या लेखाच्या सहा वर्षं आधी त्याला उत्तर देऊन झालं होतं. 1895 साली टिलमनच्या पुढाकारानं साउथ कॅरोलायनात नवी घटना लिहायला परिषद बसली, ती कृष्णवर्णीयांचा मताधिकार काढण्यासाठीच. त्यात सहाच कृष्णवर्णीय प्रतिनिधी होते. स्मॉल्स होता. थॉमस मिलर होता. आणि विल्यम व्हिपर होता, ज्याची नेमणूक चेंबरलेननं संस्कृती वाचवण्यासाठी रोखली होती. मिलरनं उठून सांगितलं की आम्ही आठ वर्षं सत्तेत होतो. आम्ही शाळा बांधल्या, मूकबधिरांच्या शिक्षणाची सोय केली, तुरुंग आणि न्यायालयं पुन्हा उभारली, पूल बांधले, नावा पुन्हा सुरू केल्या. सहाही जण हरणार हे त्यांना माहीत होतं. घटना मंजूर झाली: वाचता येण्याची किंवा घटनेचा अर्थ सांगण्याची अट, मालमत्तेची अट, मतदानासाठी कर. कोलंबियाचं विद्यापीठ 1877 साली बंद करून 1880 साली फक्त गोऱ्यांसाठी उघडलं होतं. तिथं पुढचा कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला 1963 मध्ये. हॅम्प्टननं कृष्णवर्णीयांचे हक्क राखण्याची वचनं देऊनच सत्ता घेतली होती. ‘आतून’ सुधारणेला यावेळी 86 वर्षं मिळाली, कुणाचीही लुडबुड नव्हती, आणि त्या विद्यापीठाचं दार तेवढी वर्षं बंद राहिलं.

ते उघडलं कशानं? लोकांच्या चळवळीनं, आणि तिच्या पाठीशी केंद्र सरकारचं बळ उभं राहिल्यानं. 1965 च्या मताधिकार कायद्यानं केंद्राच्या अधिकाऱ्यांना दक्षिणेत जाऊन मतदार नोंदवण्याचा अधिकार दिला. हे अधिकारी बाहेरचेच होते. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं ते साउथ कॅरोलायना राज्य, आणि त्याची तक्रार जुनीच होती: राज्यांच्या कारभारात केंद्र घुसतं आहे. 1966 साली न्यायालयानं ती फेटाळली. ज्या 15 व्या घटनादुरुस्तीच्या आधारे ती फेटाळली, ती मंजूर झाली होती 1870 साली, जेव्हा चेंबरलेन कोलंबियात अॅटर्नी जनरलच्या खुर्चीत बसला होता.